एक टन पाणी आटवायला किती वाफ लागते? मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरचा हिशेब सोप्या भाषेत

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. मागावर चढण्याआधी सुताला सायझिंगमध्ये कांजी दिली जाते आणि मागावरून उतरलेले कापड डाइंग किंवा प्रोसेस हाऊसमध्ये रंगते. या दोन्ही ठिकाणी बॉयलर असतो आणि दोन्ही ठिकाणी मालकाची नजर एकाच आकड्यावर असते, तो म्हणजे आज वाफ किती गेली.

सांडपाणी पूर्णपणे आटवून टाकायचे ठरले तर हा आकडा आणखी महत्त्वाचा होतो. पाणी आटवण्यासाठी सर्वाधिक खर्च वाफेवर होतो. एक टन पाणी आटवायला एक टनापेक्षा जास्त वाफही लागू शकते आणि तीनशे-चारशे किलोतही काम भागू शकते. यंत्रणा रोज चालवणे परवडते की ती कागदावरच राहते, हे बहुतेक वेळा याच फरकावर ठरते. हा हिशेब नेमका कसा करतात?

सांडपाणी आटवण्याची वेळ का येते?

सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून पाण्यात भरपूर मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट घालतात. एका लिटरला कित्येक ग्रॅम, गडद रंगांसाठी तर ५० ग्रॅमच्याही पुढे. रंग कापडावर बसतो, मीठ मात्र पाण्यातच राहते.

नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात जिवाणूंच्या मदतीने सेंद्रिय घाण कमी करता येते. विरघळलेल्या मिठाला जिवाणू काही करू शकत नाहीत. म्हणून पुढच्या टप्प्यात आरओ वापरतात. घरच्या पाण्याच्या फिल्टरसारखेच हे तंत्र आहे, फक्त मोठ्या आकाराचे. त्यातून बरेचसे पाणी स्वच्छ होऊन परत वापरात येते, पण उरलेल्या पाण्यात सगळे मीठ गोळा होते. हे पाणी नाल्यात किंवा नदीत सोडता येत नाही आणि शेतीलाही चालत नाही. उरतो एकच मार्ग, पाणी उडवून मीठ कोरडे करण्याचा. एकही थेंब बाहेर न सोडण्याच्या या पद्धतीला ‘झीरो लिक्विड डिस्चार्ज’ म्हणजे झेडएलडी म्हणतात.

पाणी आटवणे इतके महाग का?

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात याचे उत्तर आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. ३५ अंशांवरचे पाणी १०० अंशांवर न्यायचे तर ६५ किलोकॅलरी. पण १०० अंशांवरच्या त्याच एक किलो पाण्याची वाफ करायला आणखी ५४० किलोकॅलरी द्याव्या लागतात आणि तेवढे करूनही तापमान एका अंशानेही वाढत नाही. यालाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात.

म्हणजे पाणी उकळेपर्यंतचा खर्च थोडा असतो. खरा खर्च त्यापुढे, उकळत्या पाण्याची वाफ करताना होतो.

मात्र ही उष्णता नष्ट होत नाही, ती वाफेत साठून राहते. ती वाफ एखाद्या थंड पृष्ठभागावर पुन्हा पाणी झाली की तेवढीच उष्णता परत मिळते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीवरून उठणारी वाफ सरळ आभाळात जाते. चुलाणात जाळलेल्या चिपाडांची बरीचशी उष्णता तिच्याबरोबर निघून जाते. ती वाफ पकडून तिच्यावरच दुसरी काहील उकळवता आली तर? मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरचे सगळे तत्त्व या प्रश्नात आहे.

एका भांड्याची वाफ दुसऱ्या भांड्याला कशी उकळवते?

यात एक अडचण आहे. पहिल्या भांड्यातले पाणी १०० अंशांवर उकळत असेल तर त्याची वाफही १०० अंशांचीच असणार. दुसऱ्या भांड्यातले पाणीही १०० अंशांनाच उकळणार असेल तर उष्णता एकीकडून दुसरीकडे जाईल कशी? उष्णता वाहण्यासाठी तापमानात फरक हवा.

ही अडचण दाबाने सुटते. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते १०० ऐवजी साधारण ९५-९६ अंशांना उकळते. प्रेशर कुकरमध्ये उलटे घडते. तिथे दाब वाढतो आणि शिट्टी होते तेव्हा आतले तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचते. कारखान्यात निर्वात पंप लावून दुसऱ्या भांड्यातला दाब पहिल्यापेक्षा कमी ठेवतात आणि तिसऱ्यातला त्याहून कमी. त्यामुळे पहिल्यात पाणी ९५ अंशांना उकळते, दुसऱ्यात ७८ आणि तिसऱ्यात ५५. पहिल्याची वाफ दुसऱ्याला उकळवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. बॉयलरची ताजी वाफ फक्त पहिल्या भांड्याला द्यावी लागते.

प्रत्येक टप्प्याला तांत्रिक भाषेत ‘इफेक्ट’ म्हणतात. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत त्यालाच ‘बॉडी’ म्हणतात. या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

ही कल्पना कोणाची?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ मध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू यांची. त्यांचे वडील गोरे आणि आई कृष्णवर्णीय होती. पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. त्या काळी लुइझियानात उसाचा रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवला जाई आणि उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतण्याचे जीवघेणे काम गुलामांकडून करून घेतले जाई. रिलियू यांनी बंद भांडी, निर्वात आणि वाफेचा पुनर्वापर यांची सांगड घातली. १८४३ आणि १८४६ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. साखरेपासून कंडेन्स्ड मिल्क, कागद, कॉस्टिक सोडा आणि सांडपाण्यापर्यंत आज जिथे जिथे पाणी आटवतात, तिथे त्यांचीच कल्पना काम करत असते.

त्यांचा पहिला नियम साधा आहे. जितक्या बॉडी, तितके किलो पाणी एक किलो वाफेत आटते. तीन बॉडी असतील तर तीन किलो. हा नियम अंदाजापुरता ठीक आहे, पण प्रत्यक्षातला आकडा त्याहून कमी येतो. तो किती कमी, हे मोजण्यासाठी हिशेब करावा लागतो.

हिशेबाची पहिली पायरी : आटवायचे पाणी किती?

समजा, एका डाइंग युनिटमध्ये आरओनंतर उरलेले ताशी १,००० किलो खारे पाणी इव्हॅपोरेटरला येते. त्यात ५ टक्के क्षार आहेत आणि बाहेर पडताना ते २५ टक्क्यांपर्यंत घट्ट करायचे आहे. त्यापुढे ते वेगळ्या ड्रायरमध्ये कोरडे होईल.

इथे मिठाचा हिशेब धरायचा. मीठ उडत नाही, जितके आत तितकेच बाहेर. आत आलेले मीठ १,००० किलोच्या ५ टक्के, म्हणजे ५० किलो. बाहेर पडणाऱ्या द्रावणात हे ५० किलो २५ टक्के असणार, म्हणून द्रावणाचे एकूण वजन ५० ÷ ०.२५ = २०० किलो. उरलेले ८०० किलो पाणी आटवायचे आहे.

सूत्र म्हणून लिहायचे तर आटवायचे पाणी = येणारे पाणी × (१ − सुरुवातीची टक्केवारी ÷ शेवटची टक्केवारी).

ही पायरी सोपी दिसते, पण पुष्कळ चुका इथेच होतात. येणाऱ्या पाण्यात क्षार ५ ऐवजी ३ टक्केच असतील तर आटवायचे पाणी ८८० किलो होते. म्हणजे त्याच यंत्रावर दहा टक्के जादा काम पडते. म्हणूनच आरओमधून पाणी जितके घट्ट होऊन येईल, तितकी पुढे वाफ वाचते.

दुसरी पायरी : एकच बॉडी असेल तर?

तुलनेसाठी आधी एका बॉडीचा हिशेब करू. पाणी ३५ अंशांवर येते आणि १०० अंशांवर उकळते. बॉयलरकडून १२० अंशांची वाफ मिळते. ती पाणी होताना किलोमागे साधारण ५२६ किलोकॅलरी देते.

पाणी तापवायला : १,००० × ६५ = ६५,००० किलोकॅलरी.
८०० किलो पाण्याची वाफ करायला : ८०० × ५४० = ४,३२,००० किलोकॅलरी.
एकूण : ४,९७,००० किलोकॅलरी.
लागणारी वाफ : ४,९७,००० ÷ ५२६ = सुमारे ९४५ किलो.

८०० किलो पाणी आटवायला ९४५ किलो वाफ! एक किलो वाफेत जेमतेम ८५० ग्रॅम पाणी आटले. आटलेले पाणी भागिले लागलेली वाफ, या गुणोत्तराला ‘स्टीम इकॉनॉमी’ म्हणतात. इथे ती ०.८५ आहे. एका बॉडीत ती एकच्या खालीच राहते, कारण येणारे थंड पाणी तापवण्यातही वाफ खर्च होते.

तिसरी पायरी : तीन बॉडींचा हिशेब कसा करायचा?

इथे एक नवा प्रश्न येतो. ८०० किलोपैकी कोणत्या बॉडीत किती पाणी आटेल, हे आधी ठाऊक नसते. म्हणून अंदाज करायचा, तपासायचा आणि सुधारायचा. हाताने हिशेब करणारे अभियंतेही हेच करतात आणि संगणकही.

पहिला अंदाज म्हणून ८०० चे तीन सारखे भाग करून पहिल्या बॉडीत २६७ किलो धरले, तर पुढचा हिशेब करून एकूण आटणारे पाणी सुमारे ८४८ किलो भरते. म्हणजे ४८ किलो जास्त. पहिल्या बॉडीतला एक किलो कमी केला की एकूण बेरीज साधारण २.८ किलोने घटते. म्हणून १७ किलो कमी करून २५० धरायचे आणि पुन्हा तपासायचे. निर्वातात उकळणाऱ्या पाण्याचा अप्रकट उष्मा किंचित जास्त असतो. ९५ अंशांना तो सुमारे ५४२, ७८ अंशांना ५५२ आणि ५५ अंशांना ५६६ किलोकॅलरी धरला आहे.

पहिली बॉडी, ९५ अंश : २५० किलो पाणी आटते. त्या वाफेत २५० × ५४२ = १,३५,५०० किलोकॅलरी जातात.

दुसरी बॉडी, ७८ अंश : पहिल्या बॉडीच्या वाफेचे १,३५,५०० मिळतात. शिवाय पहिल्यातून आलेले ७५० किलो पाणी ९५ वरून ७८ अंशांवर उतरते तेव्हा ७५० × १७ = १२,७५० किलोकॅलरी मोकळ्या होतात. एकूण १,४८,२५० ÷ ५५२ = २६९ किलो पाणी आटते.

तिसरी बॉडी, ५५ अंश : दुसऱ्या बॉडीच्या वाफेचे १,४८,२५० आणि ४८१ किलो पाणी ७८ वरून ५५ वर येताना मिळालेले ११,०६३. एकूण १,५९,३१३ ÷ ५६६ = २८१ किलो.

बेरीज : २५० + २६९ + २८१ = ८००. हिशेब जुळला.

आता ताजी वाफ किती? ती फक्त पहिल्या बॉडीला लागते. ३५ अंशांवरचे १,००० किलो पाणी ९५ अंशांवर न्यायला ६०,००० आणि २५० किलो आटवायला १,३५,५००. एकूण १,९५,५०० ÷ ५२६ = सुमारे ३७२ किलो.

९४५ किलोवरून ३७२. स्टीम इकॉनॉमी २.१५ झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ती ३ झाली नाही. ‘तीन बॉडी म्हणजे एक तृतीयांश वाफ’ हे समीकरण म्हणूनच फसवे आहे. फरक कुठे गेला? पहिल्या बॉडीला मिळालेल्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा थंड पाणी तापवण्यातच गेला.

मग थंड पाणी आधीच तापवले तर?

नेमके हेच करतात. इव्हॅपोरेटरमध्ये फुकट उष्णतेचे बरेच स्रोत असतात. शेवटच्या बॉडीची वाफ असते, प्रत्येक बॉडीतून निघणारे गरम पाणी असते. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. त्यांच्यावरून फिरवून येणारे पाणी ३५ वरून ७० अंशांपर्यंत तापवले तर पहिल्या बॉडीत ते फक्त २५ अंशांनी तापवायचे उरते.

२५,००० + १,३५,५०० = १,६०,५००. भागिले ५२६ = ३०५ किलो.

बॉडी तेवढ्याच, बॉयलर तोच. पण एका प्रीहीटरमुळे ताशी ६७ किलो वाफ वाचली आणि स्टीम इकॉनॉमी २.१५ वरून २.६ वर गेली. यंत्रणा विकत घेताना विक्रेता सांगतो तो आकडा पाण्याचे कोणते तापमान धरून काढला आहे, हे विचारणे म्हणूनच गरजेचे असते.

हा हिशेब आदर्श स्थितीतला आहे. भांड्यांच्या पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता, गळती, हवा बाहेर काढताना तिच्याबरोबर जाणारी वाफ यांसाठी आणखी पाच-दहा टक्के धरावे लागतात.

बॉडी वाढवत नेल्या तर वाफ आणखी कमी होईल?

होईल, पण प्रत्येक नव्या बॉडीचा फायदा आधीच्यापेक्षा कमी. ढोबळ हिशेबाने एका बॉडीला १०० किलो वाफ लागत असेल तर दोनला ५०, तीनला ३३, चारला २५ आणि पाचला २०. दुसऱ्या बॉडीने ५० किलो वाचवले, पाचव्याने फक्त पाच. नव्या बॉडीची किंमत मात्र तेवढीच राहते.

दुसरी मर्यादा तापमानाची आहे. वरच्या उदाहरणात १२० ते ५५ अशा एकूण ६५ अंशांच्या फरकातच सगळ्या बॉडींना आपला वाटा मिळतो. बॉडी वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी अंश येतात आणि तेवढीच उष्णता वाहून न्यायला नळ्यांचे क्षेत्रफळ वाढवावे लागते.

त्यात मीठही आपला हिस्सा मागते. खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळते. ५ टक्के मिठाच्या पाण्यात हा फरक एका अंशाच्या आसपास असतो, २५ टक्क्यांच्या द्रावणात तो सहा-सात अंशांवर जातो. वाफ मात्र पुढच्या बॉडीत शुद्ध पाण्याच्याच तापमानाला पाणी होते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर काही अंश वाया जातात. साखरेच्या रसात ही वाढ कमी असते, म्हणून कारखान्यात चार-पाच बॉडी सहज चालतात. खाऱ्या सांडपाण्यात तेवढी मोकळीक नसते.

साखर कारखाने हा हिशेब कसा वापरतात?

महाराष्ट्रात मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरचे खरे घर म्हणजे साखर कारखाना. १५ ब्रिक्सचा, म्हणजे १५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असलेला रस आटवून ६० ब्रिक्सचा पाक करतात. वरचेच सूत्र वापरले तर १०० टन रसातून ७५ टन पाणी उडवावे लागते.

दिवसाला २,५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. रसाचे वजन उसाइतकेच धरले तर रोज १,८७५ टन पाणी आटवायचे. एकाच बॉडीत, ०.८५ च्या हिशेबाने, त्याला सुमारे २,२०० टन वाफ लागेल. आता इंधन पाहू. उसाच्या २८ टक्के बगॅस धरले तर रोज ७०० टन मिळते. किलोमागे २.२ किलो वाफ धरली तर त्यातून एकूण १,५४० टन वाफ होते. म्हणजे सगळे बगॅस जाळूनही नुसते पाणीसुद्धा आटणार नाही, साखर शिजवणे आणि टर्बाइन फिरवणे दूरच राहिले.

पाच बॉडींमध्ये इकॉनॉमी ४ धरली तर याच कामाला ४७० टनांच्या आसपास वाफ पुरते. साखर कारखाना बाहेरचे इंधन न घेता चालतो आणि वर सहवीजनिर्मितीतून वीज विकतो, यामागे हा फरक आहे.

कारखान्यात आणखी एक युक्ती वापरतात, ती म्हणजे मधल्या बॉडीची थोडी वाफ काढून रस तापवायला किंवा पॅनला देणे. याला ‘व्हेपर ब्लीडिंग’ म्हणतात. त्याचाही नियम रिलियू यांच्याच नावावर आहे. वाचलेली वाफ = काढलेली वाफ × बॉडीचा क्रमांक ÷ एकूण बॉडी. पाचपैकी तिसऱ्या बॉडीतून १० टन वाफ काढून ताज्या वाफेऐवजी वापरली तर ६ टन ताजी वाफ वाचते. जितक्या मागच्या बॉडीतून वाफ काढाल तितका फायदा जास्त, पण ती तितकी थंडही असते. काम भागेल एवढे तापमान कोणत्या बॉडीत आहे, हे पाहून निवड करावी लागते.

वाफेचा हिशेब कोळशात आणि रुपयांत कसा बदलतो?

पुन्हा भिवंडीच्या उदाहरणाकडे येऊ. बॉयलरला ६० अंशांचे पाणी दिले तर एक किलो वाफेसाठी सुमारे ५८६ किलोकॅलरी लागतात. कोळशाचे उष्मांक मूल्य किलोला ५,००० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर एक किलो कोळशातून ३,५०० किलोकॅलरी हाती लागतात, म्हणजे साधारण सहा किलो वाफ.

यंत्रणा दिवसाला २० तास चालली तर २० हजार लिटर पाण्यावर प्रक्रिया होते. एका बॉडीला रोज ३,१५० किलो कोळसा लागेल. तीन बॉडी आणि प्रीहीटर असेल तर सुमारे १,०२० किलो. रोजचा फरक दोन टनांहून अधिक. तेवढा धूर आणि तेवढी राखही कमी.

वाफेचा दर इंधनाप्रमाणे बदलतो. उदाहरणापुरता तो किलोला २ रुपये धरला तर हजार लिटर सांडपाण्यामागे वाफेचा खर्च असा येतो :

– एक बॉडी : ९४५ किलो वाफ, १,८९० रुपये
– तीन बॉडी : ३७२ किलो वाफ, ७४४ रुपये
– तीन बॉडी आणि प्रीहीटर : ३०५ किलो वाफ, ६१० रुपये

यात पंपांची वीज, कामगार, देखभाल आणि पुढच्या ड्रायरचा खर्च धरलेला नाही. कूलिंग टॉवरही विसरून चालत नाही. शेवटच्या बॉडीची २८१ किलो वाफ थंड करायला, पाणी आठ अंशांनी तापू दिले तरी, ताशी सुमारे २० टन पाणी फिरवावे लागते. दुसरीकडे ८०० किलो जवळपास शुद्ध पाणी परत मिळते आणि पाणी विकत घेणाऱ्या युनिटसाठी ती जमेची बाजू ठरते.

चालू यंत्रणा नीट काम करते का, हे कसे तपासायचे?

यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. पहिल्या बॉडीतून निघणारे कंडेन्सेट म्हणजे तिथे पाणी झालेली ताजी वाफ. ठरावीक वेळेत ते किती किलो जमते हे पिंपात मोजायचे. बाकीच्या बॉडी आणि कंडेन्सरमधून निघणारे पाणी म्हणजे आटलेले पाणी. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की स्टीम इकॉनॉमी हाती येते. उकळते पाणी मोजताना त्याची थोडी वाफ उडून जाते, म्हणून ते थंड पाण्यात सोडून वजनातला फरक घेणे चांगले आणि सुरक्षितही.

मिळालेला आकडा कागदावरच्या आकड्याहून बराच कमी असेल तर संशयित ठरलेले असतात. पाणी नीट तापून येत नसेल किंवा प्रीहीटर बंद असेल. खारे पाणी फेसाबरोबर वाफेत जात असेल तर आकडा उलट फुगलेला दिसतो, म्हणून कंडेन्सेटचा खारटपणाही तपासावा लागतो. बॉयलरकडच्या मीटरवर वाफ जास्त आणि पिंपात पाणी कमी दिसत असेल तर वाफ वाटेतच कुठेतरी निसटते आहे. बहुतेक वेळा एखादा स्टीम ट्रॅप उघडा राहिलेला असतो.

नळ्यांवर क्षारांची खपली बसली की काय होते, याबद्दल एक गैरसमज आहे. खपलीमुळे किलोमागची वाफ फारशी वाढत नाही, पाणी आटण्याचा वेग घटतो. ताशी १,००० किलोचे यंत्र ६०० किलोवर येते. वाफेचे बिल त्या प्रमाणात कमी झालेले दिसते आणि सगळे ठीक वाटते. मागच्या टाकीत मात्र पाणी साठत जाते.

वाफेऐवजी वीज वापरता येते का?

येते. उठलेली वाफ कॉम्प्रेसरने दाबली की तिचे तापमान काही अंशांनी वाढते आणि तीच वाफ पुन्हा त्याच भांड्याला उकळवू शकते. या तंत्राला एमव्हीआर म्हणतात. यंत्र एकदा सुरू झाले की ताजी वाफ जवळजवळ लागत नाही. टनाला साधारण २० ते ५० युनिट वीज लागते, खारटपणा वाढला तर त्याहून जास्त. यंत्र महाग असते आणि सगळी भिस्त विजेच्या दरावर आणि अखंड पुरवठ्यावर राहते. जिथे सायझिंग किंवा डाइंगसाठी बॉयलर आधीच चालू आहे, तिथे बॉडींचाच पर्याय सोयीचा ठरू शकतो. कोणता पर्याय घ्यायचा हे ठरवायलाही वरचाच हिशेब लागतो.

हा हिशेब इतरांनी का समजून घ्यावा?

तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. होजिअरीच्या या शहरातल्या डाइंग युनिटच्या सांडपाण्याने नोय्यल नदी खारावली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाइंग युनिट बंद करण्याचा आदेश दिला. झेडएलडी पाळल्याशिवाय युनिट चालणार नाही, अशी वेळ आली. एका शहराचा रोजगार आणि एका नदीचे पाणी, दोन्ही अखेर मीठ आटवण्याच्या खर्चापाशी येऊन अडले.

भिवंडीलाही कामवारी नदी आहे, पुढे खाडी आहे आणि आजूबाजूला भातशेती आहे. हजार लिटरमागे १,८९० रुपये मोजावे लागत असतील तर मीटर बंद ठेवण्याचा आणि रात्री झडप उघडण्याचा मोह होतो. खर्च ६१० रुपयांवर आला तर मोह संपतोच असे नाही, पण ‘परवडत नाही’ या सबबीतला जोर कमी होतो.

यंत्रणा मंजूर करणारा अधिकारी, कर्ज देणारी बँक, युनिटचा मालक आणि नदीकाठचा रहिवासी या सगळ्यांना विचारता येतील असे तीन साधे प्रश्न आहेत. रोज किती पाणी आटवायचे? एक किलो वाफेत किती आटते? आणि त्या हिशेबाने लागणारी वाफ बॉयलरच्या नोंदवहीत दिसते का? २० हजार लिटरचे सांडपाणी आटवल्याचा दावा असेल आणि तीन बॉडींच्या यंत्रणेत त्यासाठी रोज सहा टनांच्या आसपास वाफ खर्च झालेली दिसत नसेल, तर पाणी दुसरीकडे कुठेतरी गेले आहे.